फिरतीवरची मावशी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाही पटली तर सोडून द्या, मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही.

एवढंच सांगते, की मी घाबरट बाई नाही. बावीस वर्षं नर्स होते. मेलेल्या माणसांनी मला कधी त्रास दिला नाही, जो दिला तो जिवंतांनीच.

तो मंगळवार होता. दुपारचे चारला दहा मिनिटं कमी. जागा म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि खाली धुलाईखान्याच्या अंगणात चादरी वाळत होत्या.

त्या उन्हात, खुर्चीवर बसून, मी एक खोटं बोलले.

बाकी सगळं तिथून सुरू झालं.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हॉस्पिटलमध्ये कुणी गेलं, आणि ते जायला नको होतं असं घरच्यांना किंवा डॉक्टरांना वाटलं, की ती फाईल आमच्याकडे येते. काय झालं, किती वाजता झालं, कुठे चुकलं, हे आम्ही शोधून काढतो. मग घरच्यांना बोलावतो. समोर बसवून सगळं सांगतो. त्यांना रडू देतो, विचारू देतो, शिव्याही देऊ देतो. सगळं हॉस्पिटल आम्हाला 'झोपा खातं' म्हणतं. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला झोपा. पहिल्यांदा राग यायचा, आता आम्हीच फोन उचलून "बोला, झोपा खातं" म्हणतो.

आम्ही तिघं. मोठे डॉक्टर, जे निवृत्त होऊनही घरी बसले नाहीत. नोंदी सांभाळणारा टाचणी. त्याच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असतात, म्हणून टाचणी. पन्नाशी उलटली तरी एकही गिळली नाही, हीच त्याची कर्तबगारी. आणि तिसरी मी. फायली त्यांच्या, माणसं माझी, अशी आमची वाटणी.

प्रत्येक मृत्यूसाठी आम्ही भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावतो. तिच्यावर शेवटच्या दिवसाचे तास आखलेले असतात. कुठे लिहिलेली नोंद असेल तर पांढरी चिठ्ठी. कुणी तोंडी सांगितलं असेल तर पिवळी. टाचणी एकेक टोचत जातो.

आणि जिथे काहीच माहीत नसतं, तिथे रिकामी जागा.

मोठ्या डॉक्टरांचा एकच नियम. रिकामी जागा रिकामीच ठेवायची. अंदाजानं भरायची नाही, आणि दयेनं तर मुळीच नाही.

"आपण भरलेली जागा घरचे लोक जन्मभर खरी मानतात," ते म्हणायचे. "तेवढं ध्यानात ठेव, बाई."

शंभर वेळा ऐकलं होतं मी. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या मंगळवारची फाईल एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची होती. वय बासष्ट. स्टुलावरून पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. फुप्फुसात गुठळी.

आमच्याकडे दुपारी दोन ते चार वॉर्डात विश्रांतीची वेळ असते. पडदे ओढतात, दिवे मंद करतात, भेटायला आलेल्यांना बाहेर काढतात. दोन दहाला नर्सनं त्यांना गोळी दिली. पांढरी चिठ्ठी. तीन वाजता दुसरी नर्स आली, तेव्हा श्वास थांबलेला होता. पांढरी चिठ्ठी.

मधे पन्नास मिनिटं.

त्या पन्नास मिनिटांत वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस कोसळला होता. होते नव्हते ते सगळे तिकडे धावले. त्यात कुणाची चूक म्हणावी असं नव्हतं.

पण खाटेजवळच्या बेलचं एक यंत्र असतं. बेल दाबली की ते वेळ टिपून ठेवतं.

बेल सात वेळा दाबली होती. दोन एकवीस ते दोन चौतीस.

त्यानंतर... काही नाही.

मुलगी भेटायला आली ती एकटीच. एकुलती एक, पस्तिशीची. तीन आठवडे नीट झोपली नसेल असे डोळे. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

"आईनंच मला घरी पाठवलं हो," ती म्हणाली. "म्हणाली, जा, अंघोळ करून ये, घोड्यासारखा वास येतोय तुझ्या अंगाला. मी म्हटलं, चारला येते. घरी गेले, टेकले, आणि डोळा लागला."

आमच्या कामात गप्प बसणं हेच अर्धं काम असतं.

"मला बाकी काही नको. कुणावर केस करायची नाही, भांडायचं नाही. एकच सांगा. शेवटी कोणी होतं का तिच्याजवळ?"

आता इथे मी म्हणायला हवं होतं, की तशी नोंद आमच्याकडे नाही. एवढं एक वाक्य. शेकडो वेळा म्हटलेलं.

पण तिनं माझ्याकडे पाहिलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"होतं," मी म्हणाले. "एक मावशी होती."

वॉर्डातल्या मदतनीस बायकांना आमच्याकडे सगळे मावशीच म्हणतात.

तिचा चेहरा हलला.

"खरंच? काय करत होती?"

"हात धरून बसली होती. शेवटपर्यंत."

"कशी आहे हो ती? दिसायला?"

खोट्याचं असंच असतं, एक सांगितलं की त्याला दहा टेकू द्यावे लागतात. मी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. दारामागच्या खुंटीवर कुणाचा तरी राखाडी स्वेटर कित्येक महिने लटकत होता. कोण विसरून गेलं, कुणाला माहीत नव्हतं. तोच मी मनातल्या मनात उचलून त्या मावशीच्या अंगावर घातला.

"उंच आहे. किडकिडीत. राखाडी स्वेटर घालते. फारशी बोलत नाही, नुसती बसते."

"मला भेटायचंय तिला."

"ती एका वॉर्डात नसते," मी घाईघाईनं म्हणाले. "फिरतीवर असते. आज इथे, उद्या तिथे."

मुलगी तोंडावर रुमाल धरून रडली. मग पाणी प्यायली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आज मी झोपेन, ताई."

ती गेली. माझा जीव भांड्यात पडला. पुण्याचं काम केलं असंच वाटलं मला, खोटं का बोलू!

चार दिवसांनी टाचणीनं विचारलं, "ताई, दारामागचा स्वेटर तुम्ही उचललात का?"

मी वळून पाहिलं.

खुंटी रिकामी होती.

"गेला असेल ज्याचा त्याच्याकडे," मी म्हणाले. विसरूनही गेले.

तीन आठवड्यांनी दुसरी फाईल आली. दुसरा वॉर्ड, दुसरा मजला. एक म्हातारे शिक्षक. त्यांच्या बायकोशी, आजींशी, मी बोलत होते. त्या शांत होत्या, आमच्यापेक्षाही शांत.

"मला दोन वाजता बाहेर काढलं तेव्हा वाईट वाटलं," आजी म्हणाल्या. "पण दारातून मागे वळून पाहिलं, तर ती बसली होती ना त्यांच्याजवळ. मग मी निर्धास्त गेले."

"कोण बसली होती, आजी?"

"तुमचीच ती. मावशी. उंच, वाळकी. राखाडी स्वेटर. यांचा हात हातात घेऊन..."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

आजींनीच ते वाकून उचलून दिलं.

मी मोठ्या डॉक्टरांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? स्वतःलाच समजावलं. त्या मुलीनं वॉर्डाला आभाराचं पत्र लिहिलं होतं, 'राखाडी स्वेटरवाल्या मावशींना' म्हणून. नर्सनी ते जिन्याजवळच्या फलकावर लावलं होतं. आजींनी वाचलं असेल, डोक्यात बसलं असेल. दुःखात माणसाला काय काय दिसतं.

पण तिसरी फाईल नव्या इमारतीतली होती. रस्त्यापलीकडची. तिथे कसलं पत्र नव्हतं, कसला फलक नव्हता.

त्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईचा जबाब होता. टाचणीनं तो मोठ्यानं वाचला, तोंडातल्या टाचण्या सांभाळत.

"'त्यांच्याजवळ एक उंच बाई बसली होती. मी तिला म्हटलं, अहो, यांचा श्वास बघा कसा लागलाय, नर्सला बोलवा. तिनं ऐकलं नाही. मी पाणी मागितलं, तेही दिलं नाही. ती उठलीच नाही. नुसती हात धरून बसून राहिली...'"

टाचणी थांबला. "काय बाई म्हणायची ही! ढिम्म?"

मला माहीत होतं ती का उठली नाही.

मी तिला तेवढंच करायला सांगितलं होतं. हात धरून बसायचं. बोलायचं नाही.

मदतीला कुणाला तरी बोलवायचं, हे मी सांगितलंच नव्हतं.

भर दुपारी, पंखा चालू असताना मला घाम फुटला. पण खरं वाईट अजून पुढे होतं. त्याच फाईलमध्ये त्या वॉर्डाच्या नर्सचा जबाब होता. चांगली, कामसू मुलगी, मीच तिला कधीकाळी शिकवलेली. तिनं लिहिलं होतं, की ती दोन वेळा त्या खाटेजवळून गेली. दोन्ही वेळा थांबली नाही.

कारण पडद्याआड कोणीतरी बसलेलं दिसलं.

'नातेवाईक जवळ आहेत असं वाटलं, म्हणून एकट्या असलेल्या पेशंटकडे आधी गेले.'

मी पट्टीकडे पाहिलं. दोन पांढऱ्या चिठ्ठ्या, आणि मधे रिकामी जागा. एक तास दहा मिनिटं.

मग मी आजींच्या फाईलची पट्टी काढायला लावली. तिथेही तेच. वॉर्डातला मदतनीस म्हणाला होता, "बाजूला कुणीतरी होतं, म्हणून मी गेलो नाही." आम्ही ते वाक्य वाचलं होतं, आणि कुणीतरी म्हणजे आजी, असं धरून चाललो होतो.

आजी तर बाहेर होत्या.

आता तुम्हाला कळलं असेल. ती कुणाचा जीव घेत नव्हती. कुणाला हात लावून थंड करत नव्हती, तसलं काही नाही. ती नुसती बसायची.

आणि ती बसलेली दिसली, की दुसरं कोणी यायचं नाही.

त्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं ओकले. खोटं, स्वेटर, फिरती, सगळं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडलीय," ते म्हणाले. "भूतबीत मी मानत नाही."

"मीही मानत नव्हते."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण जागा तू भरलीस. भूत असो नसो, ती चूक खरी आहे. लेखी अहवाल महिन्याभरात त्या मुलीच्या हातात पडेल. त्यात बेल असेल, पन्नास मिनिटं असतील, आणि मावशी नसेल. तिनं ते कागदावर वाचावं की तुझ्या तोंडून ऐकावं?"

"ती मोडून पडेल, डॉक्टर."

"पडेल. भरलीस तूच, आता रिकामीही तूच कर."

मी तिला फोन केला. पुन्हा मंगळवार, पुन्हा तीच खोली. ती आली तेव्हा मला ओळखूच आली नाही. अंगावर जरा मांस आलं होतं, केस नीट विंचरलेले. येताना आम्हाला बिस्किटांचा पुडा घेऊन आली होती.

तो पुडा टेबलावर ठेवून मी तिला खरं सांगितलं.

कोणीही नव्हतं. मावशी नव्हती. मी बनवून सांगितलं. मला माफ करा.

ती हसली आधी. मग हसू हळूहळू गेलं.

"किती वेळ?"

"पन्नास मिनिटं."

"तिनं बेल वाजवली होती?"

मी बोटांनी दाखवलं. एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पर्स उचलली आणि दारापर्यंत गेली.

"मी रोज झोपताना त्या बाईचे आभार मानायचे," ती म्हणाली. "आता कुणाचे मानू? तुमचे?"

आणि गेली.

मी तिच्या मागे दार लावायला उठले...

दारामागे स्वेटर होता.

तोच, राखाडी, त्याच खुंटीवर. टाचणी दिवसभर समोर बसलेला होता, तो शपथेवर सांगतो की सकाळी खुंटी रिकामी होती. मी स्वेटर हातात घेतला. कोमट होता. आणि उजव्या बाहीचं टोक ताणून लांबलेलं होतं, कुणीतरी मुठीत घट्ट धरून ठेवल्यावर लांबतं तसं.

मी तो धुलाईखान्याच्या भट्टीत टाकायला निघाले होते. मोठ्या डॉक्टरांनी अडवलं. म्हणाले, राहू दे, कुणाचा तरी आहे. मी तो खुंटीवर परत टांगला, आणि खुर्ची अशी फिरवून घेतली की तो सतत डोळ्यांसमोर राहील.

त्यानंतर सात आठवडे ती कुठे दिसली नाही.

फायली येतच होत्या, त्या कधी थांबत नाहीत. पण कुठल्या जबाबात उंच बाई नव्हती. नर्स वेळेवर पोचत होत्या, जमेल तेवढ्या. मी रोज सकाळी आल्या आल्या दारामागे बघायची. स्वेटर जागेवर. मग पंखा लावायची आणि कामाला बसायची. टाचणी चिडवायचा, "ताई, तुमची मैत्रीण आहे हं अजून." मीही हसू लागले होते.

मग एका दुपारी फोन वाजला. अडीच वाजले होते.

"झोपा..." म्हणता म्हणता मी थांबले. पलीकडे तीच मुलगी होती. श्वास लागलेला.

"ताई, बेल वाजते."

"कुठे?"

"माझ्या घरी. रोज. दोन एकवीसला. माझ्याकडे तसली बेलच नाही हो. सगळं घर शोधलं. भिंतीला कान लावले. सात वेळा वाजते, आणि मग..."

"मग काय?"

"मग काहीच नाही. तेच तर. मग इतकं शांत होतं की मला घरात थांबवत नाही."

मी तिला काय काय सांगितलं. डॉक्टरांना दाखवा, कुणाला तरी सोबतीला बोलवा, थोडे दिवस मैत्रिणीकडे जा. बावीस वर्षांत शिकलेलं सगळं बोलून झालं.

तिनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आज आई बोलली."

मी खुर्चीचा हात धरला.

"रागावली नव्हती. लहान मुलासारखी विचारत होती. म्हणाली, 'अगं, तो हात कुठे गेला? इतके दिवस होता की...'"

खोलीत पंखा फिरत होता. टाचणी कागद कापत होता, त्याच्या कात्रीचा आवाज येत होता. आणि फोनमधून, त्या मुलीच्या हुंदक्यांच्या मागून...

टिंग.

मी ती बेल ओळखते. बावीस वर्षं तिच्यामागे धावलेय.

टिंग... टिंग...

"ऐकलंत?" ती म्हणाली. "आता थांबतच नाहीये. ताई, मला ठाऊक आहे ते खोटं होतं. मला सगळं ठाऊक आहे. तरी एकदाच म्हणा. मला नका सांगू, तिला सांगा. म्हणा, कोणी होतं."

मला सगळं आठवत होतं. नर्सचा जबाब, आजी, ती एक तास दहा मिनिटांची रिकामी जागा. मी 'हो' म्हणाले तर काय होईल, हे जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

टिंग... टिंग... टिंग...

फोनमध्ये कुणीतरी म्हातारं माणूस रडत होतं. ती मुलगी नव्हे. तिच्या मागे.

मी घड्याळाकडे पाहिलं, टाचणीकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

"होती," मी म्हणाले. "मावशी आहे तुमच्याजवळ. हात धरलाय तिनं."

बेल थांबली.

पलीकडे मुलीनं एक लांब श्वास सोडला. "थँक्यू," एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी डोळे उघडले. टाचणी माझ्याकडे बघत होता. मग दोघांनीही एकदम दाराकडे पाहिलं.

खुंटीवर काही नव्हतं.

दार बंद होतं. कोणी आलं नव्हतं, कोणी गेलं नव्हतं. टाचणीच्या ओठांतली टाचणी खाली पडली, पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. ती मुलगी बरी आहे, कामावर जाते, तिच्या घरी शांत आहे. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डांना लेखी सूचना काढायला लावली, की पेशंटजवळ कोणी बसलेलं असलं तरी आत जाऊन बघायचं. नर्स हसल्या. पण त्या तरी काय करणार? दोन जणींवर तीस खाटा. कोणी जवळ बसलेलं दिसलं, की पाय आपोआप पुढच्या खाटेकडे वळतात. मीही नर्स असताना तेच केलं असतं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमचं कोणी हॉस्पिटलात असेल, आणि त्याच्याजवळ राखाडी स्वेटरमधली उंच बाई शांत बसलेली दिसली, तर निर्धास्त होऊन जाऊ नका. तिला काही विचारत बसू नका, ती बोलायची नाही. आरडाओरड करा, लोक जमवा. लोक तुम्हाला वेडं म्हणतील, म्हणू देत.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक फाईल आली. चाळीस वर्षांचा सुतार, साधं ऑपरेशन, दोन लहान मुलं. दुपारी दोन ते तीनच्या मधे गेला. नर्सच्या जबाबाचं पहिलं पानच मी वाचलंय, पुढचं वाचवत नाही.

त्याची बायको येत्या मंगळवारी भेटायला येणार आहे. ती काय विचारेल ते मला माहीत आहे, सगळे तेच विचारतात. शेवटी कोणी होतं का त्यांच्याजवळ?

आणि या वेळी मला खोटं बोलावं लागणार नाही.